लटारूची जोडी

यंदाचा पहिला शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत, आज होती. गुणवंतरावांची जोडी हाकायला ठरवलेला नवा धुरकरी इस्तारी मूल गावात पटाला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या रांगेत उभा होता. कालच्या सरावाने तो खुशीत होता. पुढचे दोघे त्याला ओळखत नव्हते.

"गुणवंतरावाची जोडी उतरते म्हणते पटात."

"त्याचा जुना धुरकरी लटारू त मागच्या पटातच मेला. हाकते कोण?"

"नवा हाय कोणी. काल जोडी वाऱ्यावानी पळाली. त्याले वाटलं, आपल्याच हाकेनं पळाली."

"मंग?"

"जोडी सुटायच्या आंधी दोन्ही बैलाईनं मान वळवली, भाऊ. लटारूनं हाक देल्ली का वळवत, तशीच."

"धुरकऱ्याकडं पाह्यलं असन."

"नाई. त्याच्या मांगं."

मोटार आली. दोघे चढले.

"पटाले ना, भाऊ? या, जागा हाय."

"नाई," इस्तारी म्हणाला. "मी घरी चाललो."

आणि रांग सोडून तो भरभर चालू लागला.