बकुळच्या भाषणातली आई

—दाखवते गं खोली, पळून नाही जात ती. आधी बस. बँकेत आहेस म्हणालीस ना? म्हणजे इंग्रजी येत असणारच. साताऱ्याहून बदली होऊन नेमकी आमच्या ब्रह्मा घाटावर आलीस — बरं झालं. हे बघ, मोबाइलमध्ये, ही निळ्या कोटातली. माझी बकुळ. एकुलती एक. पन्नाशीला आली. काय करते? वकील आहे. नाही गं, कचहरीतली नाही, पिंपळाखाली टेबल मांडून बसणारी नाही. दोन देशांतल्या कंपन्या आपसात व्यवहार करतात ना, त्यांचे करार लिहायची. वीस वर्षं तेच केलं. आता सरकारांना सल्ला देते — बंदर बांधा, पण कोळ्यांचं काय ते आधी ठरवा, वीज आणा, पण किती वर्षांसाठी बांधले जाताय ते बघा. लंडन, नैरोबी, हनोई, जिनिव्हा — मला अक्षर येत नाही, पण ती राहिली ती सगळी गावं ओळीनं सांगते, हवं तर विचार.

हे भाषण समोरच्या सुमेधानं लावून दिलं. सतरा मिनिटांचं आहे. रोज बघते. शब्द कळत नाही, पण कुठं पाणी पिते, कुठं चष्मा काढते, सगळं पाठ आहे मला. आणि इथं — थांब, ऐक हं — हं, ऐकलंस? ‘आई’ म्हणाली! इंग्रजीत बोलता बोलता आई म्हणाली, त्या एवढ्या लोकांसमोर. आणि सगळे हसले. मीही हसते तिथं. ती काय म्हणाली, एवढंच मला हवंय. सुमेधा म्हणाली, “आजी, कह रही हैं माँ ने बहुत पढ़ाया।” खालचे दिनानाथ गुरुजी म्हणाले, आईला नमस्कार केलाय. एका वाक्याचे दोघांनी दोन अर्थ कसे सांगितले? आणि दोघंही दुसरीकडे बघत होते. तुला माझी भीड नाही, तू खरं सांगशील. सांगायची घाई करू नकोस, दोनदा ऐक. मी सुपारी कातरते तोवर.

पढाई! मी काय तिची पढाई करवणार? उलट माझ्या हातून एकदा — ऐक तू, मी आपली बोलते. आमच्याकडे अक्षर लिहिलेला कागद केरात टाकत नाहीत, चुलीत घालत नाहीत. जुनी पंचांगं, पोथीची सुटी पानं, लग्नपत्रिका, सगळं फडक्यात बांधून पंचगंगा घाटावर जाऊन गंगेत सोडायचं. हे गेले त्या वर्षी मी कोनाडा आवरला, त्यात तिचं विलायतेचं पत्र गेलं. वकिलीच्या पुढच्या पढाईचं बोलावणं होतं. मला वाचता येत नाही, चुकून गेलं. चांगलं जाड पाकीट, वर राणीचं मुंडकं असलेलं तिकीट — हो, बघितलं होतं मी. डाकियानं माझ्याच हातात दिलं होतं. यांना जाऊन दोन महिने झाले होते, घरात आम्ही दोघीच. ती रोज संध्याकाळी विचारायची, आई, पत्र आलं? मी म्हणायची, नाही गं. पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणं आलं, तेव्हा गेली. तिला काही ठाऊक नाही. कुणालाच नाही. तुझ्यापाशी कशी बोलून गेले कोण जाणे.

झालं ऐकून? अशी काय बघतेस? सांग.

पत्राचं बोलली? कुठलं पत्र?

डाकिया बोलला तिच्याशी? कधी — त्याच आठवड्यात? अगं, मग त्यानंतर महिनाभर रोज विचारत होती ती, आई, पत्र आलं? — ते काय मी खरं सांगते का बघायला?

बरं. आणि लोक हसले ते कशाला? ... ‘तेव्हापासून मी आईच्या शब्दावरही भरवसा ठेवत नाही, सगळं लेखी मागते.’ असं म्हणाली. ‘माझ्या वकिलीचा पहिला धडा.’ हं. म्हणून दुसऱ्या वर्षी पत्ता तिच्या मैत्रिणीच्या, मालविकाच्या घरचा दिला होता. मी विचारलं तर म्हणाली, आपल्या गलीत डाक हरवते, आई. हसून म्हणाली होती.

आणि मी रोज त्या लोकांबरोबर हसतेय.

पुढं? पुढं काय म्हणाली माझ्याबद्दल? अजून बरीच मिनिटं उरलीत. ... लगेच बंदराच्या विषयावर गेली? पुन्हा आई नाहीच?

एक सांग, रागानं म्हणाली का गं? तुला भाषा कळते, तुला आवाजही कळेल. नाही? थोडासुद्धा राग नाही? नीट ऐक ना एकदा. ... नाहीच म्हणतेस.

राग असता तर भांडायला तरी आली असती घरी.

दे तो मोबाइल. खोली खालचे दिनानाथ गुरुजी दाखवतील, किराया त्यांनाच विचार. नाही, मला काही झालं नाही. जा बाई तू आता.