दगडावरची आई

ताई : नीट बघा ना काका. वडिलांनी छपाईसाठी कोरलेले सगळे तांब्याचे पत्रे आणलेत. आईच्या या चित्राचा पत्रा यातच असणार.

छपाईवाले काका : सगळे बघितले. बोटी आहेत, पूल आहेत, मांजरं तर ढीगभर. तुमची आई एकावरही नाही.

धाकटा : अख्खी पेटी मी जिन्यावरून चढवली. कंबर गेली माझी. हिनं फक्त पुढं चालून वाट दाखवली.

ताई : दुसरी प्रत तुलाच हवीय ना? मग कुरकुरू नकोस.

काका : हे चित्र पत्र्याचं नाहीच मुळी. कडेनं बोट फिरवा. काही लागतंय?

ताई : काहीच नाही. सपाट आहे.

काका : पत्र्यावर रेघा खोदलेल्या असतात, शाई त्या रेघांत बसते. यंत्र असं दाबतं, की चौफेर पत्र्याची कड कागदात रुतते. इथं कुठाय?

धाकटा : मग लाकडाचा ठसा असेल. घरी माळ्यावर शोधतो.

काका : लाकडात उलटं. कोरलेलं कोरं राहतं, उरलेलं उमटतं. गालावरची ही दाणेदार सावली लाकडातून निघायची नाही. हे तेलकट खडूनं दगडावर काढलंय. दगड ओला करायचा, शाई फक्त खडूला धरते. ना खड्डा, ना उंचवटा.

ताई : मग दगड इथंच असेल की! एक प्रत काढा, म्हणजे मिटलं. बाबा गेल्यावर घर, कपाटं, भांडी सगळं मुकाट वाटून घेतलं आम्ही. अडलंय ते या एका कागदावर.

धाकटा : मुकाट म्हणजे तू ठरवलंस आणि मी मान डोलावली.

काका : दगड आहे. तो खिडकीखालचा.

ताई : यावर तर कोंबडा आहे.

काका : दगड मोजकेच असतात ताई. छापून झालं की वाळू टाकून घासायचा आणि दुसऱ्याला द्यायचा. पत्रा, लाकूड जपून ठेवता येतं. दगड कुणाचा राहत नाही.

धाकटा : म्हणजे आईला पुसून कोंबडा?

काका : तसंच म्हणा.

ताई : खाली थोडीफार उरली असेल?

काका : घासायला आळस केला, तर जुनं चित्र पुसटसं वर येतं. मी घासला असता तर आलंही असतं. पण तुमच्या वडिलांनी स्वतः घासला. दुपारभर.

ताई : बाबांनी? का?

काका : हा कागद नुसता तपासायला काढलेला. म्हणाले, हनुवटी फसली, ती इतकी ताठ कधी नव्हती. पुन्हा काढतो.

धाकटा : मग?

काका : दगड तयार ठेवला होता मी. ते काही आले नाहीत. मग कोंबडेवाले आले.

धाकटा : आणि याचा फोटो काढून छापला तर?

काका : खुशाल छापा. खरा कुणाकडं, यावर भांडालच.

ताई : मग तुम्हीच सांगा, कुणी न्यायचा.

काका : मला पत्रा विचारा, दगड विचारा. यातलं मला काही कळत नाही.

धाकटा : चल ताई. गुंडाळू का?

ताई : गुंडाळलं की कुणाच्या तरी हातात द्यावं लागेल. थोडा वेळ असू दे असंच.