निवड झालेली मुलं

दातांच्या दवाखान्यात मुख्याध्यापक सुजलेला गाल धरून बसले होते. सोबतीला गणिताचे सर होते. समोरच्या बाई मासिक चाळत होत्या, पण त्या दोघांचं बोलणं सुरू झालं आणि बाईंचं पान उलटायचं राहिलं.

“सर, सरकारी चाचणीत आपली नववी जिल्ह्यात पहिली आली. आता तरी हसा.”

“हसलो की ठणकतं. वरून फोन होता. एका वर्षात असं काय शिकवलंत, म्हणाले.”

“मग?”

“मेहनत, म्हटलं.”

“खोटं नाही ते. कच्ची पोरं हुडकून काढायला काय कमी मेहनत लागली?”

“आणि नेमकं चाचणीच्याच दिवशी त्यांचं निसर्ग शिबिर. डोकं सुपीक आहे हो तुमचं.”

“पालक तर हरखून गेले. निवड हा शब्दच तसा आहे. एका आईने फोन करून आभार मानले. म्हणाली, आमच्या पोराला आजवर कुणी कशासाठी निवडलंच नव्हतं.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, ताई, कोणतं मूल कुठे शोभतं ते आम्हाला बरोबर कळतं.”

मुख्याध्यापक हसले, कळवळले आणि तेवढ्यात त्यांना आत बोलावलं. बाहेर सर एकटेच उरले. बाईंनी मासिक मिटलं.

“सर, त्या दिवशी फोनवर एक विचारायचं राहून गेलं. पुढच्या वर्षीही माझ्या मुलाला शिबिराला निवडाल ना? तो आत्तापासून वाट बघतोय.”