तारी स्वतःला मोजत नाही

मंडळी, आज सुरुवातीलाच एक सोपा प्रश्न विचारतो. तुमच्या घरात माणसं किती?

सांगा, सांगा! लाजू नका. तुम्ही हो, खांबाला टेकलेले काका! पाच? नक्की? पुन्हा एकदा मोजा. पाचच? बरं. ती पाच लक्षात ठेवा, शेवटी विचारणार आहे.

आता खरा प्रश्न ऐका. घरात सोहळा होतो – कुणी पास होतं, कुणाचं लग्न ठरतं – तो सोहळा ज्याच्या जिवावर उभा राहतो, तो माणूस त्या सोहळ्यात असतो कुठं? पाटावर? पंगतीत? की कुठं दाराआड? मला याचं फार कुतूहल आहे. त्या कुतूहलापोटीच आजचं आख्यान घेतलंय. नाना, पेटीचा सूर द्या. झोपलात काय? द्या!

तर मंडळी, कोकणात एक खाडी. खाडीच्या अल्याड केरवाडी, पल्याड बाजार, शाळा, दवाखाना, एस.टी. – सगळं पल्याड! देवानं केरवाडीला नारळ दिले, आंबे दिले, मासे दिले, आणि पूल द्यायचा विसरला. देव विसरला की सरकारला आठवतं असं तुम्हाला वाटतं का? मग! आलं-गेलं सगळं होडीवर. आणि होडी कुणाची? रोहिदास तारी यांची.

तारी म्हणजे लोकांना पार नेणारा. सव्वीस वर्षं हा माणूस वल्हं मारतोय. त्याच्या आधी त्याचा बाप. गावची रीत अशी की घरटी वर्षाला ठरलेलं भात तारीकडे पोचवायचं, आणि मग काठावर उभं राहून फक्त हाक मारायची – "ओ ताऽऽरी!" की होडी हजर! सव्वीस वर्षांत होडी एक दिवस बंद नाही. ताप असला तरी नाही, स्वतःचं लग्न होतं तेव्हाही नाही! अहो, नवरी पल्याडहून आणली कुणी? यानंच! मुंडावळ्या बांधून वल्हं मारत!

हसा, पण पुढचं ऐका. या रोहिदासाची एक सवय. होडी सोडण्याआधी तो बोट दाखवून माणसं मोजायचा. एक, दोन, तीन... बारा. पल्याड पोचलं की पुन्हा मोजायचा. बारा चढले, बारा उतरले – झालं! पण मंडळी, होडीत माणसं किती होती? बारा? तेरा हो, तेरा! तो स्वतःला कधीच मोजत नसे. कुणी विचारलं तर म्हणे, "माझ्या बापाशीन सांगलेला हा – ज्येका मोजला, त्येका उतरूचा आसता. तारी खय उतरता?"

माझी मालवणी घाटावरची आहे, कुणी मालवणकर बसले असतील तर त्यांनी पोटात घालावी. पण बापाचं म्हणणं पाहा! मोजायचं कुणाला? ज्याला उतरायचंय त्याला. तारी कुठं उतरतो? तो लगेच फिरतो, दुसरी हाक आलेली असते!

आता या रोहिदासाची मुलगी केतकी. पहिलीपासून ती बापाच्या होडीतून पल्याड गेली, कॉलेजातही गेली, आणि यंदा पदवीधर झाली. घराण्यात पहिली! आणि विषय कुठला म्हणता? गणित! हे 'गणित' विसरू नका हं, पुढं त्याची गंमत आहे.

निकाल लागला. रोहिदासानं पेढे वाटले. म्हणाला, "पोरी, तुका काय होया ता माग." पोरगी म्हणाली, "बाबा, खाडीच्या तोंडाशी उभं राहिलं की लांब ती पांढरी जहाजं दिसतात ना? त्यातनं एकदा सगळ्यांनी जाऊया." क्रूझ म्हणतात त्याला, मंडळी! अकरा मजली हॉटेल पाण्यावर ढकलून दिलेलं! पैसे कुठून आणले म्हणून कुणी कुजबुजू नका. आंब्याच्या कलमांनी यंदा हात दिला. आंबा लागला की कोकणी माणूस राजा असतो, मोहर जळला की तत्त्वज्ञ.

झालं! घरात बेत सुरू. काय एकेक प्रश्न हो! रोहिदासाची थोरली बहीण, अनसूया आत्या, तिथंच राहायची. ती म्हणाली, "बोटीर तुळस आसता काय गो? माझी एकादशी आसा." बायको शेवंती म्हणाली, "वल्ही मारूची नाय, मासे धरूचे नाय, मग दिसभर लोक थय करतत काय?" धाकटी जुई म्हणाली, "आत्या, जहाजावर पोहायचा तलाव असतो!" आत्यानं कपाळाला हात लावला – "समुद्रात बोट, बोटीत तळा! माणसाची हौस तरी किती!"

पण सगळ्यात जास्त प्रश्न रोहिदासाला! सुकाणू कुठं असतं? उथळ पाणी लागलं तर कळतं कसं? एवढं धूड धक्क्याला लावताना दोर कोण टाकतो? पोर मोबाइलवर शोधून शोधून दमली. डोळे कसे चमकत होते त्याचे! मला सांगा, सव्वीस वर्षं पाण्यावर असलेल्या माणसाला पाण्याचं एवढं कुतूहल! आपण मात्र चार दिवस देवळात आलो की म्हणतो, "बुवा, हे आम्हाला ठाऊक आहे!"

मग बाजारात परुळेकर म्हणून एक सहलवाले होते, त्यांच्याकडे रोहिदास गेला. त्यांनी विचारलं, "किती जण?" रोहिदासानं बोटांवर मोजलं – शेवंती एक, अनसूया दोन, केतकी तीन, जुई चार. "चार!" परुळेकर म्हणाले, "उत्तम! दोघींची एक खोली, दोघींची दुसरी." कागद झाला. तो घरी आणला. शेवंतीनं पाहिला – चार, बरोबर. आत्यानं विचारलं – चार, बरोबर. गणितातल्या पदवीधर केतकीनं वाचला, चार नावं, चार वयं – बरोबर!

मंडळी, बरोबर ना?

कोण म्हणालं "बरोबर"? हात वर करा! अहो, तुम्हीही फसलात की! मी आख्यान सुरू कुणापासून केलं? आणि चारांत तो आहे का?

तुम्ही म्हणाल, बुवा, ही तर जुनीच गोष्ट. दहा जण नदी उतरले, ज्यानं त्यानं स्वतःला सोडून मोजलं आणि नऊच भरले म्हणून रडत बसले. नाही हो! त्या दहा जणांना निदान एक हरवल्याचं दुःख तरी झालं. इथं कुणाला पत्ताच नाही! इथं हिशोब जुळला!

आणि का जुळला, ते बघा. घरात वाईट कुणी नाही. पण जेवायला ताटं वाढायची ती चार, कारण रोहिदासाचा डबा धक्क्यावर जायचा. पावसाळ्यात खुंटीवर छत्र्या चार, कारण तो घोंगडीत. फोटो काढला तर फोटोत चार, कारण मोबाइल त्याच्या हातात! वर्षानुवर्षं त्या घराला चारची सवय लागलेली. प्रेम होतं हो, भरपूर होतं. मोजणीत तेवढा तो नव्हता.

ऐका, एक साकी म्हणतो. चाल जुनी, शब्द माझे, तेव्हा चुकलं तर मला बोला –

नावाड्याने नाव हाकिली, पैल उतरिले सारे ।
आपुलि गणती विसरुनि बसला, कोण तयाला तारे ॥

मग उलगडलं कसं? त्याच्याच कुतूहलानं! निघायला आठ दिवस राहिले. रोहिदास पुन्हा परुळेकरांकडे गेला. म्हणाला, "शेठ, एक इचारूचा रवला. एवढ्या मोठ्या बोटीर माणसा मोजता कोण?" परुळेकर म्हणाले, "तारी, तिथं मोठी शिस्त. सगळ्यांची नोंद असते. उतारू, खलाशी, आचारी, झाडूवाला, कप्तान..."

"थांबा, थांबा! कप्तानाक पण मोजतत?"

"अहो, पहिलं नाव त्याचं! बोटीवर आहे तो प्रत्येक जीव मोजायचा."

परतताना रोहिदास होडीत हसायलाच लागला. घरी आला तो हसतच. ओसरीवर चौघी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. म्हणाला, "गो, ऐकलास? थय कप्तानाक सुदिक मोजतत! माझ्या बापाशीक सांगूक होया होता!" आणि पुन्हा हसला.

सगळ्या हसल्या. केतकी हसता हसता थांबली. हातातली घडी तशीच. उठली, कागद काढला. एक, दोन, तीन, चार. पुन्हा एकदा. एक, दोन, तीन, चार. मंडळी, चारापर्यंत मोजायला त्या पोरीला पदवीही कमी पडली होती!

म्हणाली, "बाबा, तुमचा नाव खय आसा ह्येच्यात?"

तो म्हणाला, "माझा नाव कित्याक? मी येतलंय मां धक्क्यार! तुमका सोडूक!"

अहो, चिडून नव्हे! टोमणा नव्हे! अगदी सहज, सरळ. त्याला खरंच वाटत होतं की सहलीत आपलं काम ते – पोचवायचं. शेवंतीनं पदर तोंडाला लावला. आत्या म्हणाली, "मी म्हातारी, माझा नाव काढा, रोहिदासाचा घाला." केतकी म्हणाली, "नाय आत्या. कुणाचा काढूचा नाय. मोजणी चुकली ती मोजणीच सुधारूची."

पोरगी परुळेकरांकडे धावली. त्या फेरीत जागा शिल्लक नाही! पंधरा दिवसांनी दुसरी फेरी होती, तिच्यात पाच नावं बसली. एक खोली तिघींची, एक दोघांची. पण मंडळी, खरी अडचण पुढंच. चार दिवस होडी कोण मारणार?

देवळात गाव बसलं. सरपंच म्हणाले, "चार दिस होडी बंद? मगे आमी काय उडत जावचा?" दुसरा म्हणाला, "पोरींका धाडा ना, तारी हयच रवांदे." तिसरा म्हणाला, "आमी भात देतव ता कित्याक?" बोलले हो! आणि चुकीचं तरी काय बोलले? त्यांना नड होती. नड असली की माणसाला दुसऱ्याची सहल दिसत नाही.

रोहिदास मान खाली घालून म्हणाला, "ऱ्हवांदे, केतकी." पोरीच्या डोळ्यात पाणी आलं, पण ती बसली नाही. तिनं विचारलं, "गावात वल्हा मारूक येता असे किती जण? हात वर करा." खाडीकाठचं गाव! वल्हं कुणाला येत नाही? तिनं मोजले – अकरा हात.

"आता ह्या अकरांतल्या कितीजणांनी माझ्या बाबांक पल्याड न्हेला?"

अकरा हात खाली.

एक नाही, मंडळी! ज्यानं सगळ्या गावाला पार नेलं, त्याला पार नेणारा गावात एक नाही! मग बापू गुरुजी उठले. सत्तरीचे, निवृत्त शिक्षक. अकरात त्यांचाही हात होता. म्हणाले, "पहिल्या दिवशी मी." मग दुसरा उठला. मग सरपंच, जरा खाकरून, पण उठले.

जायचा दिवस उजाडला. पाचही जण सामान घेऊन काठावर. आणि रोहिदासाला कळेना बसायचं कुठं! सव्वीस वर्षं त्याच होडीत, पण मधल्या फळीवर कधी टेकलाच नव्हता. दोनदा उठून वल्ह्याकडे गेला. गुरुजी ओरडले, "बस खाली!" अहो, विद्यार्थी होता तो त्यांचा! बसला.

गुरुजींनी बोट उचललं. "शेवंती एक. अनसूया दोन. केतकी तीन. जुई चार." आणि बोट त्याच्या छातीला टेकवलं. "पाच!"

होडी निघाली. रोहिदासानं एकदा पाण्यात हात घालून पाहिला म्हणे. वल्हं हातात असताना जमलं नसेल ते.

पल्याड लागली. चौघी उतरल्या, सामान उतरलं. आणि हा? हा बसलेलाच! डोळे अल्याडच्या काठाकडे. सवय हो! दुसरी हाक येईल म्हणून वाट बघतोय! केतकी काठावरून म्हणते, "बाबा!" तो हलत नाही. तेव्हा गुरुजींनी वल्हं आडवं टाकलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले –

"रोहिदासा, उतर. आज तुका मोजलंय मी."

आणि मंडळी, तारी उतरला!

जहाजाचं काय झालं विचारता? फिरून आले की! आत्याची एकादशी केळ्यांवर निभली, आणि रोहिदासानं कप्तानाला एवढे प्रश्न विचारले म्हणे की कप्तानच दार लावून बसला. पण माझं आख्यान त्या काठावरच संपलं. पार लावणाऱ्याला पार नेलं, यापलीकडे मला सांगायचं काय आहे?

मीही शहाणा नाही बरं. देवळाचे पंच विचारतात, "बुवा, किती जण येणार?" मी एकोणीस वर्षं सांगत आलो, "तिघं. मी, पेटीवाले, तबलजी." स्वतःला कधी विसरलो नाही! विसरलो तो सदूला, जो गाडी हाकतो. आत्ताही तो बाहेर गाडीत बसलाय. मला लाज वाटते सांगताना. अरे, कुणीतरी जा, सदूला आत बोलवा. सतरंजीवर बसवा, पुढं.

आणि काका, तुम्ही! खांबाचे! घरात माणसं किती म्हणालात? पाच? पुन्हा मोजा. काय? सहा? सहावं कोण? ... वहिनी? बघा! बघा मंडळी, माझ्यावर रागावू नका, पण घरी जाऊन ज्यानं त्यानं एकदा मोजावं.

आता चिटणीस, उठा. महाप्रसादाला पानं किती सांगितलीत? सव्वाशे. त्या सव्वाशेत मागं चुलीपाशी सकाळपासून धुरात बसलेल्या बाया धरल्यात का?

काय म्हणालात? नाही धरल्या?

मग आज पंगत त्यांच्यापासून. त्या बसतील, आपण वाढू. भाताचं पातेलं पहिल्यांदा मी उचलतो. आणि हात रिकामे आहेत तोवर टाळी वाजवा, आणि त्याचं नाव घ्या – ज्याच्या मोजणीत एकही जीव सुटत नाही!