लेकीनं शोधलेली खोट

सौसरच्या बसस्टँडवर सुमनबाई पांढुर्ण्याच्या गाडीची वाट पाहत बसल्या होत्या. मागच्या बाकावर एक बाप आपल्या लेकीला विचारत होता.

"प्रियंका, थो नागपूरचा साहेब फोनवर तुले मॅडम काऊन म्हणून राहिला होता?"

"मी एक खोट शोधली, बाबा. अंगठा घ्यायची मशीन असते ना, तिले कॉम्प्युटरशी जोडणारा लहानसा प्रोग्राम असते. ड्रायव्हर म्हणतात त्याले."

"मंग?"

"कॉम्प्युटर त्याले पार आतपर्यंत येऊ देते. त्याच्या मागं मागं साधा कारकूनही आत शिरू शकत होता. एकदा शिरला, का सारा कॉम्प्युटर त्याच्या हुकमात."

"म्हणजे मालकच?"

"मालकच."

सुमनबाईंच्या ऑफिसात तशीच मशीन होती. त्यांनी हातातला मोबाइल पर्समध्ये ठेवून दिला.

"अशा मशीनी किती असतील?"

"लाखभर तरी."

"बाप्पा! अन् हे तुले घरी बसून दिसलं?"

"हो. मी त्या साहेबाच्या कंपनीले लिहिलं. दुरुस्ती होतपर्यंत कोणाले सांगाचं नव्हतं. काल झाली."

"किती दिवस लागले?"

"नव्वद."

"नव्वद दिवस लाखभर कॉम्प्युटरात शिरायची वाट एकट्या तुले माहीत होती?"

"हो बाबा."

सुमनबाईंना मागं वळून पाहायचा धीर झाला नाही.

"अन् तू माह्यासंग संत्री तोडाले येत होती?"

"येत होती ना. तुम्हीच तर आईले विचारत होते, पोरगी आजकाल बोलून काऊन नाही राहिली."