कशाला हो म्हणालो

पुतणी : म्हणजे बाई बोलत होत्या आणि तुम्ही नुसतं हो-हो करत होतात?

काका : नुसतं नाही. मध्ये एकदा ‘अवश्य’ म्हणालो.

पुतणी : कशाला अवश्य?

काका : ते कळलं असतं तर भरदुपारी तुझ्या क्लासात कशाला आलो असतो?

पुतणी : बसा आधी. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो. फोन त्यांचाच होता हे नक्की?

काका : बाईंनी नाव सांगितलं. तेवढं कळलं. मग त्या जे सुटल्या... अगं, धरणाचं पाणी सोडावं तसं. एक शब्द पकडायला जावं तर मागून दहा निघून जात होते. ज्या बाईंच्या कादंबऱ्या मी आपल्या भाषेत आणल्या, ज्यांच्या एकेका स्वल्पविरामापायी जेवण थंड केलं, त्यांचं ‘कसे आहात’सुद्धा मला कळलं नाही. की ते ‘कसे आहात’ नव्हतंच, कोण जाणे.

पुतणी : इतकी वर्षं त्यांच्याशी तुम्ही कधी बोललातच नाही?

काका : पत्रं असायची ना. त्यांचं पत्र आलं की कोश घेऊन बसायचो. उत्तर लिहायला पंधरवडा लागायचा. घाई कोणालाच नव्हती. आता त्यांची नजर गेली. भाचीने चार ओळी लिहून कळवलं, मावशीला आता वाचता-लिहिता येत नाही, ती फोन करील. आणि केला.

पुतणी : मग भाचीलाच विचारा, काय ठरलं ते.

काका : काय विचारू? मावशी काय म्हणाल्या ते त्यांच्या अनुवादकाला कळलं नाही, असं?

पुतणी : हं. अब्रूचा प्रश्न आहे.

काका : अब्रूचा नाही. म्हणजे, आहेच. पण त्यांना वाटतंय, पलीकडे त्यांचं ऐकणारं माणूस आहे. नाहीये हे कळलं तर त्या पुन्हा फोन करणार नाहीत. आणि पत्र तर आता येणार नाही. मग राहिलं काय?

पुतणी : पुन्हा कधी करणार आहेत?

काका : महिनाअखेरीच्या रविवारी. तेही भाचीने लिहून पाठवलं म्हणून कळलं.

पुतणी : काका, तुम्ही ही भाषा शिकलात तरी कुठे?

काका : कारखान्याच्या भांडारात. यंत्रांबरोबर जाडजूड माहितीपुस्तकं यायची, वाचणारं कोणी नव्हतं. मी कोश आणला, व्याकरण आणलं. स्क्रूपासून सुरुवात केली आणि कादंबरीवर येऊन पोचलो. पण स्क्रू काही बोलत नाही.

पुतणी : माझ्याकडे नेहमी उलटं गिऱ्हाईक येतं. परदेशात नोकरीला निघालेल्या नर्सेस. त्यांना बोलायची घाई आणि वाचायचा कंटाळा. तुमच्यासारखा पहिलाच. बरं, हे रेकॉर्डिंग ऐका. पेन खाली ठेवा.

काका : लिहून नको घेऊ?

पुतणी : अजिबात नाही. लागलं का? ऐका... हं. काय कळलं?

काका : काही नाही.

पुतणी : माणसं किती होती?

काका : दोन. नवरा-बायको असावीत.

पुतणी : कशावरून?

काका : इतक्या हळू आवाजात इतकं रागावून दुसरं कोणी बोलत नाही.

पुतणी : चूक कोणाची होती?

काका : त्याची. तो फार लांबलचक उत्तरं देत होता.

पुतणी : बघा. काही कळलं नाही म्हणता आणि निवाडा देऊन मोकळे झालात. आता सांगा, काय हरवलंय?

काका : हरवलंय होय? पुन्हा लाव... एक शब्द सारखा येतोय. पण हा मी कधी पाहिलेला नाही.

पुतणी : शंभरदा पाहिलाय. किल्ली.

काका : किल्ली? अगं, त्यांच्या किल्लीला चार अक्षरं आहेत. ही दोनच वाजली.

पुतणी : लिहितात चार. बोलताना दोन गिळतात.

काका : का गिळतात?

पुतणी : आपण का गिळतो? मघाशी दारातून तुम्ही काय विचारलंत? ‘काय कर्तेस?’ ‘काय करते आहेस’ असं सुटं सुटं म्हणाला असतात तर मी घाबरून उभी राहिले असते. कागदावर शब्दाशब्दांत मोकळी जागा असते, काका. तोंडात नसते. तुम्ही ती जागा शोधत बसता आणि बोलणारा तोवर पुढच्या गल्लीत पोचतो.

काका : मग शोधायचं काय?

पुतणी : जोर. जे सांगायचंय त्यावर माणूस पाय देतो, बाकीच्यावरून नुसता घसरतो. पाय कुठे पडतोय तेवढं ऐका.

काका : आणि मधलं?

पुतणी : सुटलं तर सुटू द्या.

काका : हे तू अनुवादकाला सांगतेयस.

पुतणी : अनुवादकाला उद्यापासून घरी ठेवून या.

*

पुतणी : आज बोलायचं. समजा, मी बाई. फोन आला. मी विचारते, ‘कसे आहात?’ त्या भाषेत उत्तर द्या.

काका : ‘आपल्या कृपेने येथे सर्व क्षेम असून आपलेही क्षेम असावे, हीच प्रार्थना.’

पुतणी : काका, त्या भाषेत हे कसं वाजलं सांगू? असं बोलणारी माणसं तिकडे आता फक्त भिंतीवर टांगलेली असतात.

काका : बाईंच्याच कादंबरीतलं वाक्य आहे.

पुतणी : कोण म्हणतं ते?

काका : एक न्यायाधीश. मरताना.

पुतणी : आपण जिवंत माणसाचं घेऊ. ‘बरा आहे. तुम्ही?’ म्हणा.

काका : ‘बरा आहे. तुम्ही?’ इतकंच?

पुतणी : इतकंच. मग गप्प बसून ऐकायचं.

काका : त्याचा सराव आहे. तुझ्या काकूने करून घेतलाय.

पुतणी : आता दुसरं. ‘मला कळलं नाही, परत सांगता का?’

काका : व्याकरणाच्या दृष्टीने सोपं आहे ते.

पुतणी : मग म्हणा.

काका : तोंडातून निघत नाही गं. गुडघ्यात पाणी झालेल्या माणसाला जिना दाखवावा तसं होतंय.

पुतणी : माझ्या नर्सेसनाही हेच वाक्य जड जातं. बाकी सगळं येतं त्यांना. मी सांगते, हे आलं नाही तर तुम्ही चुकीच्या माणसाला इंजेक्शन द्याल. तुम्ही कोणाला इंजेक्शन देणार नाही म्हणा. पण एक माणूस जाईल तुमच्या हातून.

काका : ‘मला कळलं नाही. परत सांगता का?’

पुतणी : अजून एकदा. माफी मागितल्यासारखं नको. पाणी मागितल्यासारखं.

काका : ‘मला कळलं नाही. परत सांगता का?’

पुतणी : आता कसं.

*

काका : आज धडा नंतर. आधी मला एक सांग. तू दिलेलं ते मायलेकींचं रेकॉर्डिंग घरी ऐकत होतो. मुलगी म्हणते, ‘मी निघते.’ आई तो एवढासा शब्द म्हणते, आपल्या ‘बरं’सारखा.

पुतणी : हं.

काका : मी पुन्हा पुन्हा लावलं. शेवटी तुझी काकू म्हणाली, त्या पोरीला जाऊ द्या एकदाची. पण ते ‘बरं’ नव्हतं गं. सूर खाली पडला. ‘जायचं तर जा, मला विचारू नकोस’ असं होतं ते.

पुतणी : खाली पडला की मनात नसतं. वर गेला तर खुशाल जा. सपाट राहिला तर ऐकलंच नाही असं समजायचं.

काका : हे कुठल्याच व्याकरणात नाही.

पुतणी : आपलं ‘बरं’ तरी कुठे आहे? काकू ‘बरं’ म्हणते तेव्हा तुम्ही काय करता?

काका : चपला काढून परत आत येतो.

पुतणी : मग? तिने थोडंच ‘थांबा’ म्हटलेलं असतं.

काका : म्हणूनच तर झोप उडाली. बाईंच्या दुसऱ्या कादंबरीच्या शेवटी मुलगा बोटीवर निघतो. आई दारात उभी. ती हा एकच शब्द म्हणते आणि पुस्तक संपतं. मी केलं, ‘बरं बाळा, ये.’ तिने आशीर्वाद दिला असं मी धरून चाललो.

पुतणी : आणि ती अडवत असेल तर?

काका : काय माहीत. कागदावर तिचा आवाजच नाही. आता डोक्यात तिची तीन-तीन तोंडं दिसतात मला.

पुतणी : लिहिणारीला विचारा.

काका : फोनवर?

पुतणी : पत्राने कसं विचारणार? त्या उत्तर काय लिहून पाठवणार, ‘खाली पडला’? हे ऐकायलाच लागेल.

काका : लाव पुढचं रेकॉर्डिंग.

*

(रविवार. काकांचं घर. फोनचा स्पीकर चालू. काका आणि लेखिका त्या परक्या भाषेत बोलताहेत. पुतणी शेजारी बसलेली.)

लेखिका : ऐकू येतंय का?

काका : बरा आहे. तुम्ही?

लेखिका : मी अजून विचारलं नव्हतं. पण मीही बरी आहे.

काका : एक सांगायचं. आधी. मागच्या वेळी मी हो म्हणालो. पुष्कळ. पण कळलं नाही. काही नाही.

लेखिका : ठाऊक आहे मला.

काका : ठाऊक?

लेखिका : संशय आला म्हणून मी विचारलं, तुम्हाला दोन बायका आहेत का. तुम्ही म्हणालात, अवश्य.

काका : मला कळलं नाही. परत सांगता का? दोन काय?

लेखिका : बायका.

काका : नाही. नाही. एक. एक पुरे.

लेखिका : पत्रात असलं कधी लिहिलं नाहीत. पत्रात फार गंभीर गृहस्थ होतात तुम्ही.

काका : पत्रात कोश जवळ होता. पण... कळत नाही हे माहीत. मग परत फोन का?

लेखिका : तुम्ही फोन ठेवला नाहीत म्हणून. न कळता इतका वेळ ऐकत बसणारं माणूस इथे मला कुठे मिळतंय? आणि तुम्हाला सांगते, मी पण शिकतेच आहे. भाची मला पुस्तकं लावून देते, कोणीतरी वाचलेली. माझीच भाषा, पण एक पान धड डोक्यात शिरत नाही. डोळ्याला मागे जाता येतं. कानाला येत नाही.

काका : शेवटचं परत सांगता का?

लेखिका : डोळा मागे जातो. कान जात नाही.

काका : हो. हे कळलं. मला पण तसंच.

लेखिका : सुरुवातीला मी पुस्तक बंद करायला लावायचे. आता सुटलं ते सोडते, पुढे कुठेतरी सापडतं.

काका : माझी मास्तरीण असंच म्हणते. ती इथे आहे. हसते आहे.

लेखिका : तिला माझा नमस्कार सांगा.

काका : विचारू एक? दुसरं पुस्तक. शेवट. आई दारात. ती म्हणते, ‘बरं.’ कसं म्हणते?

लेखिका : कसं म्हणजे?

काका : आवाज. वर जातो? खाली?

लेखिका : आवाज विचारताय?

काका : मी चूक विचारलं?

लेखिका : नाही. चूक नाही. हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. थांबा हं... ‘बरं.’

काका : परत?

लेखिका : ‘बरं.’

काका : खाली जातो. खूप. मग शेवटी... थोडा वर. अगदी थोडा.

लेखिका : माझी आई असंच म्हणायची. जाऊ नकोस, पण गेलास तर दार उघडंच ठेवते. एवढं सगळं होतं त्यात. कागदावर मावलं नाही.

काका : मी आशीर्वाद लिहिला.

लेखिका : शेवटचा थोडासा भाग आशीर्वादच आहे. अगदीच वाया नाही गेलं. आता मागचा प्रश्न विचारते, सावकाश. मी नवीन पुस्तक करते आहे. लिहीत नाही, बोलते. यंत्रात. भाची नंतर कागदावर उतरवील. पण कागद होण्याआधी ते तुम्ही ऐकावं असं मला वाटतं.

काका : तुम्ही बोलाल. मी ऐकीन. मग मी माझ्या भाषेत लिहीन.

लेखिका : जमेल?

काका : नाही. म्हणजे, आज नाही. मी चुकेन. मी फार वेळा विचारीन. तुम्ही रागावाल.

लेखिका : रागावेन. रागीटच आहे मी. मग?

काका : मग हो.

लेखिका : कशाला हो म्हणालात ते सांगा.

काका : तुमचं पुस्तक ऐकायला.

लेखिका : छान. पहिला भाग भाची पाठवील. त्यात एक म्हातारी फार भराभर बोलते. तिला मी सावकाश बोलायला सांगणार नाही.

काका : नको. तिला... तिच्यासारखं बोलू दे.

*

पुतणी : ठेवला फोन? क्रियापदं चार ठिकाणी चुकलीत.

काका : जास्त ठिकाणी. मी मोजायचं सोडून दिलं.

पुतणी : आणि ‘माझी मास्तरीण’ म्हणायला कोणी शिकवलं? मी तर नाही.

काका : आपोआप आलं. ‘काका, एवढं अवघड काय होतं’ असं म्हणू नकोस आता. घाम बघ.

पुतणी : नाही म्हणत. पण अगदी शेवटी बाई काय पुटपुटल्या? मला नाही कळलं. तिकडे काहीतरी आपटलं.

काका : खिडकी. वारा सुटलाय म्हणाल्या, बोटं गारठली, शाल कुठे टाकलीय कोण जाणे.

पुतणी : एवढं सगळं? इतक्या भराभर मनात आपल्या भाषेत करत होतात की काय?

काका : नाही गं. करायचं राहूनच गेलं. मला नुसतं गार वाटलं.