चिमटा एकाला, ओढले दोन्ही

(गोठा. तीन दिवसांचं वासरू सुनेच्या मांडीवर मान टाकून पडलं आहे. मागे डॉक्टरीण उकिडवी बसली आहे.)

सासरे : तपासायचं काय त्यात? हिनं ओढलं आणि वासराची पाठ मोडली. मी परगावी, घरात दुसरं कोणी नाही, आणि ही निघाली गाईचं बाळंतपण करायला!

डॉक्टरीण : काका, जरा दम धरा. ताई, हे असं कधीपासून चालतंय?

सून : उठलं तेव्हापासून. मागचे पाय जोडीनं टाकतं, सशासारखं. पोरं हसतात. माझ्या घशाखाली मात्र तीन दिवस घास उतरत नाहीये.

सासरे : कसा उतरेल!

डॉक्टरीण : काका, इकडे या. मागच्या डाव्या पायाला खुराजवळ चिमटा काढा. चांगला जोरात.

सासरे : हा काढला. ओढला की पाय!

डॉक्टरीण : कोणता?

सासरे : डावा... थांबा, पुन्हा काढतो. अरेच्चा! दोन्ही ओढले. उजव्याला तर मी हातही लावला नाही.

डॉक्टरीण : आतला मज्जारज्जू पोटात घडतानाच नीट घडला नाही. म्हणून एका पायाचा निरोप दोघांना जातो. आता कण्यावरून बोट फिरवा, दाबून.

सासरे : मणका... मणका... इथे खड्डा लागतोय.

डॉक्टरीण : तिथली हाडं जुळलीच नाहीत. वासरू काय करतंय, ताई?

सून : काही नाही. माझं बोट चोखतंय.

डॉक्टरीण : बघा. सूज नाही, कळ नाही. पाठ मोडलेली असती तर यानं आत्ता गोठा डोक्यावर घेतला असता.

सासरे : मानलं बुवा तुम्हाला! चाळीस वर्षं गोठ्यात काढली, पण या बोटांना हे कधी कळलं नाही.

डॉक्टरीण : माझं राहू द्या. पुढच्या पायांवरचे दोराचे वळ बघितलेत? सांध्याच्या वर एक, खाली एक. ज्याला येत नाही तो एकच फास टाकतो आणि हाड मोडतो. ताई, कोणी शिकवलं?

सून : या बाबांचंच बघून बघून. पण दोर नंतरचा. आधी डोकंच सापडेना, मान मागे वळलेली. हात घालून पुढे आणली. मग गाय कळ देईल तेव्हा ओढायचं, ती थांबली की मीही थांबायची.

सासरे : मान मागे होती? बोलली नाहीस ते!

सून : तुम्ही विचारलंत कुठे?

डॉक्टरीण : काका, गाय जिवंत आहे ती हिच्यामुळे. अशी पहिली मान सरळ करताना मला दोन तास लागले होते, आणि मदतीला तिघं होते.

सून : डॉक्टर, हे जगेल ना?

डॉक्टरीण : जगेल. चालेल असंच, उड्या मारत. कालवड आहे, मोठी झाली की गाभण मात्र करू नका. आणि ज्या वळूपासून हे झालं त्याच्याकडे पुन्हा गाय नेऊ नका. रक्तातूनही आलेलं असू शकतं.

सासरे : वळू मी निवडला होता.

सून : असू दे, बाबा. तुम्हाला तरी आतलं कुठे दिसणार होतं?

सासरे : ...सूनबाई, ऊठ. हात धू आणि आधी चार घास खाऊन घे. तांबडी गायही या आठवड्यात विणार आहे.

सून : तेव्हा तुम्ही घरी असाल ना?

सासरे : असेन की. तुला पाणी तापवून द्यायला.